जगदाळ्यांचा ठिपका

मी एका सरकारी संस्थेच्या कीटक विभागात चित्रकार होते. हे वाक्य मी आयुष्यभर जरा जपूनच उच्चारत आले, कारण ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला पाठ झालं आहे. मला बघायला आलेल्या पहिल्याच स्थळाच्या वडिलांनी विचारलं होतं, म्हणजे तुम्ही झुरळं काढता का? मी म्हटलं, हो, आणि ढेकूणसुद्धा. ते स्थळ पुढे सरकलं नाही.

प्रत्यक्षात मी झुरळं फारशी काढली नाहीत. माझी बहुतेक नोकरी पतंगांत गेली. पतंग म्हटलं की लोकांना संक्रांत आठवते. मी म्हणते ते पतंग दिव्याभोवती फिरणारे, फुलपाखराचे गरीब चुलतभाऊ. त्यातही आमच्या विभागाचं काम लहान पतंगांवर चाले. पंख मिटले की तांदळाच्या दाण्याएवढे. तुम्ही ते रोज बघता आणि हाताने झटकून टाकता.

अशा एवढ्याशा जिवाची जात ओळखायची ती आधी पंखांवरून. पंखांवर रेघा असतात, पट्टे असतात, ठिपके असतात, आणि ते जातीनुसार ठरलेल्या जागी असतात. हे सगळे रंग म्हणजे खवले, धुळीसारखे बारीक. पतंगाला बोट लावलं की बोटाला जी भुकटी लागते ती म्हणजे त्याची नक्षी. ती गेली की खाली उरतो तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा कोरा पंख.

कोथरूडचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक एकदा औषधाच्या बाटलीत असा एक पतंग घेऊन आले होते. तो त्यांच्या रव्याच्या डब्यात सापडला होता, आणि त्यांना त्याची जात लेखी हवी होती. दुकानदाराच्या तोंडावर मारायची होती. बाटली स्कूटरच्या डिकीतून खडखडत आली होती. आत पतंग होता, पण अंगावर एक खवला शिल्लक नव्हता. मी म्हटलं, यावरून काही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "अहो, पण हा तोच आहे. मी ओळखतो त्याला." मी म्हटलं, तुम्ही ओळखत असाल, पण आता तो स्वतःलासुद्धा ओळखणार नाही. चार दिवसांनी ते दुसरा पतंग काड्यापेटीत कापसावर ठेवून घेऊन आले आणि टेबलावर ठेवत म्हणाले, "याला पीएमटीच्या बसने आणलंय. खिडकीजवळ बसवून." त्याचा पंख निम्मा फिकट, निम्मा तांब्याच्या रंगाचा होता. किराणा मालातला अगदी नेहमीचा. लेखी दिलं. पुढे दुकानदाराचं काय झालं ते कळलं नाही.

लोक विचारत, फोटो असताना चित्र कशाला? एक तर त्या वेळच्या कॅमेऱ्यांत एवढ्या लहान वस्तूचा एक भाग स्पष्ट आला की दुसरा धुरकट येई. पण खरं कारण वेगळं होतं. संग्रहातला पतंग धड असा क्वचितच असतो. एखादी मिशी तुटलेली असते, पंखाचा कोपरा फाटलेला असतो, कुठे खवले घासून गेलेले असतात. फोटोत फाटका पंख फाटकाच येतो. चित्रात मात्र तो धड काढायचा, हा आमच्या कामातला नियम. मोडलेलं जोडायचं, गेलेलं भरून काढायचं. जातीचं चित्र काढायचं, त्या एका दुर्दैवी पतंगाचं नाही. मला याचा फार अभिमान होता. मेलेले पतंग माझ्या कागदावर येऊन धडधाकट होत.

आणखी दोन रीती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांवर उभं आहे.

पहिली बटर पेपरची. मायक्रोस्कोपला एक आरसा लावलेला असे. त्यातून पतंग आणि आपल्या पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसतं, आणि पतंग जणू कागदावरच ठेवला आहे अशी त्याची कड गिरवता येते. पण असं आम्ही फक्त उजव्या बाजूचे पंख काढत असू. मग ते बटर पेपरवर उतरवायचे, बटर पेपर उलटा करायचा आणि तेच पंख डाव्या बाजूला छापायचे. दोन्ही बाजू सारख्याच असणार, अशी समजूत. वेळ निम्मा लागे आणि चित्र तोलदार दिसे. हे आम्ही चोरून करत नव्हतो, आम्हाला शिकवलंच तसं होतं. माझ्या खणात जातींची नावं घातलेल्या बटर पेपरांची चळत असे.

दुसरी रीत अशी की, नमुना देताना शास्त्रज्ञाने चित्रकाराला त्याबद्दल काही सांगायचं नाही. हा पतंग नवीन आहे का, यात काय विशेष आहे, काही नाही. सांगितलं की चित्रकाराला तेच दिसायला लागतं. आम्ही बघायचं आणि काढायचं. चित्र झालं की शास्त्रज्ञाने ते नमुन्याशी ताडून पाहायचं आणि मागे लिहायचं, "तपासले". खाली सही.

जगदाळेसर आमच्या विभागातले लहान पतंगांचे जाणकार. मूळचे धायरीचे. तेव्हा धायरी गावच होतं, आणि सर तिथून सायकलवर येत. कॅरिअरला डबा, आणि डब्यावर दोरीने बांधलेली पतंगांची पेटी. इंग्रजी शोधनिबंध खणखणीत लिहीत. बोलायला लागले की मात्र "हाय" आणि "न्हाई". आमच्या चहाच्या खोलीतल्या शुद्ध मंडळींना त्याची मोठी मौज वाटे. कुणी तोंडावर बोलत नसे. आपल्या पुण्यात तोंडावर न बोलताही बरंच बोलता येतं.

सरांना त्याचं काही वाटत असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. माझ्याशी ते फार आदराने वागत. मी त्यांच्या निम्म्या वयाची, हंगामी नेमणुकीवरची, पण ते कायम "बापटबाई" म्हणत. माझं चित्र कुणाला दाखवायचं झालं की म्हणत, "बाईंची रेघ चुकत न्हाई." मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि घरी गेल्यावर आईला सांगायची.

एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर एक छोटी पेटी ठेवली. आत केसाएवढ्या टाचणीवर एकच पतंग होता, राखेच्या रंगाचा. नियमाप्रमाणे त्यांनी काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "आमच्या बांधावरच्या तरवडावर गावलाय. जपून, एकच हाय." जाता जाता दारात थांबले आणि म्हणाले, सगळं नीट झालं तर आमच्या गावाचं नाव पुस्तकात जाईल. एवढंसुद्धा त्यांनी सांगायला नको होतं. त्यांना राहवलं नसावं.

तरवड म्हणजे माळावर, बांधावर वाढणारं पिवळ्या फुलांचं झुडूप. त्यावर एक राखाडी पतंग नेहमी सापडतो. पुढच्या पंखावर मधोमध तीन काळे ठिपके, सरळ ओळीत. त्याचं चित्र मी इतक्या वेळा काढलं होतं की झोपेतही काढलं असतं. सरांचा पतंग मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला वाटलं, हा तोच. यात गावाचं नाव काय जायचंय?

त्याचा उजवा पंख मधोमध घासला गेला होता. पहिला ठिपका होता, तिसरा होता, मधल्याच्या जागी खवलेच नव्हते. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. डावा पंख बघायचा आणि उजव्यात जे गेलंय ते त्यावरून भरायचं. पण डावा पंख कललेला होता. तो नीट दिसायचा तर पतंग पुन्हा वेगळ्या कोनात बसवावा लागला असता. एवढ्या नाजूक टाचणीवरचा जीव हलवायची मला भीती वाटली. हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं असं की मला कंटाळा आला. मी खणातून नेहमीच्या पतंगाचा बटर पेपर काढला आणि माझ्या चित्रावर ठेवला. पहिला आणि तिसरा ठिपका तंतोतंत जुळले. मग मधला मी बटर पेपरवर होता तिथे भरला, सरळ ओळीत. बटर पेपर उलटा केला आणि डाव्या पंखावरही तसाच छापला. डाव्या पंखाकडे मी पाहिलंच नाही.

चित्र सुरेख झालं होतं. सरांची आई त्या दिवसांत दवाखान्यात होती आणि ते निघायच्या घाईत होते. त्यांनी चित्र उभ्या उभ्या पाहिलं. पंखांची झालर पाहिली, मिश्या पाहिल्या. ठिपक्यांवरून त्यांची नजर सहज निघून गेली, कारण ते ठिपके त्यांना पाठ होते. मी न बघता काढलं आणि त्यांनी न बघता पाहिलं. टेबलाच्या कडेवर कागद धरून त्यांनी मागे "तपासले" लिहिलं आणि सही केली.

चित्र, वर्णन आणि पतंग असं सगळं त्या गटाचा ग्रंथ तयार करणाऱ्या एका परगावच्या तज्ज्ञांकडे गेलं. पेटीत इतरही किडे होते. त्यातल्या एका जाड्या भुंग्याची टाचणी वाटेत सुटली आणि तो पेटीभर गडगडत गेला. आमच्या कामात ही सगळ्यांत भीतीची गोष्ट. एक टाचणी सुटली की पेटीतल्या सगळ्यांचा चुरा. पेटी पोचली तेव्हा सरांच्या पतंगाचे तुकडे झाले होते.

दोन महिन्यांनी चित्र परत आलं, सोबत पत्र. सरांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं, आणि त्यांच्या पतंगात काय विशेष होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. वर्णनात सरांनी लिहिलं होतं की नेहमीच्या जातीत तिन्ही ठिपके सरळ ओळीत असतात, या पतंगात मधला ओळीखाली उतरलेला आहे, आणि तेवढ्यावरून ही वेगळी जात असावी. लहान पतंगांची पक्की ओळख पोटाच्या टोकाकडचे अवयव उघडून पटते, पण या पतंगाचं पोट वाळवणीच्या ताटलीतच मुंग्यांनी नेलं होतं. सगळी भिस्त पंखावर होती. तज्ज्ञांनी उत्तर दिलं होतं की नमुना तुकड्यांत मिळाला, चित्रात मात्र तिन्ही ठिपके सरळ ओळीत दिसतात. वर्णन आणि चित्र यांत फरक पडतो तेव्हा आपण चित्रावर विश्वास ठेवतो, कारण चित्रकाराला काही सिद्ध करायचं नसतं.

सरांनी पत्राची घडी घातली. मग मला विचारलं, "बाई, मधला ठिपका तुम्ही बघूनच काढला होता ना?"

मी म्हटलं, "हो, सर."

त्या दिवसांत माझ्या नेमणुकीची फाइल वर गेली होती. हंगामीची कायम व्हायची होती. मी पुष्कळ वर्षं स्वतःला हेच सांगितलं की मी त्या फाइलसाठी खोटं बोलले. ते खरं नाही. फाइल मला त्या क्षणी आठवलीही नव्हती. आठवलं ते एवढंच की माझी रेघ चुकत नाही.

सरांनी घडी उघडून पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, "मग माझ्याच डोळ्यांत खोट आली म्हनायची." आणि पत्र फाइलला लावून टाकलं.

ही गोष्ट चहाच्या खोलीत पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. त्यानंतर आमच्या संस्थेत एक शब्दप्रयोग रूढ झाला, "जगदाळ्यांचा ठिपका". जे एकालाच दिसतं आणि दुसऱ्या कुणालाच दिसत नाही, ते. साहेबांना पगारवाढीची शक्यता दिसली की जगदाळ्यांचा ठिपका. कॅन्टीनच्या आमटीत कुणाला डाळ दिसली की जगदाळ्यांचा ठिपका. नवीन भरती झालेली माणसं तो कुठून आला हे न विचारता वापरू लागली. मी स्वतः तो कधी वापरला नाही. पण एकदा कुणीतरी अगदी नेमका टाकला तेव्हा मी हसले. त्या वेळी सर दारात कप घेऊन उभे होते की नव्हते, मला माहीत नाही. मी दाराकडे बघितलं नाही.

पुढच्या दोन-तीन हंगामांत सरांनी धायरीचे सगळे तरवड पालथे घातले. तो पतंग पुन्हा मिळाला नाही. मग बांधाशेजारून रस्ता गेला, रस्त्यामागून इमारती आल्या, तरवड गेले. सर यादी करण्याच्या, लेबलं लावण्याच्या कामात शिरले आणि निवृत्त होईपर्यंत त्यातच राहिले. एकही नवी जात त्यांनी नंतर मांडली नाही. त्यांना एक सवयही लागली होती. मायक्रोस्कोपमध्ये काही पाहिलं की शेजारच्या कुणालातरी बोलवायचं आणि म्हणायचं, जरा बघा, मला दिसतंय ते तुम्हालाबी दिसतंय का. आम्ही त्याला सरांचा विनय म्हणत असू.

मी कायम झाले, बढती मिळाली, यथावकाश निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की बापटबाईंची रेघ म्हणजे या संस्थेचा ठेवा आहे. माझ्या हातात शाल होती आणि मला ती कुठे ठेवावी कळेना.

हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं. पण मधल्या काळात संस्थेने जुनी चित्रं स्कॅन करून संगणकावर सगळ्यांसाठी खुली केली. गेल्या वर्षी मला एका मुलीचा फोन आला. ऋतुजा तिचं नाव. मूळची अमरावतीची, इथे आयटी कंपनीत, राहायला वाघोलीला. तिच्या सोसायटीमागे दगडाची एक बंद पडलेली खाण आहे आणि खाणीच्या कडेने तरवड माजला आहे. ही मुलगी रोज सकाळी ऑफिसची बस यायच्या आधी तिथे जाऊन पतंगांचे फोटो काढते. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारत नाही. आवड.

तिला तरवडावरचा एक राखाडी पतंग सापडला होता, आणि त्याचा मधला ठिपका खाली उतरलेला होता. एक नाही, चांगले पाच-सहा मिळाले होते. पण संस्थेच्या चित्रांत शोधताना तिला माझं चित्र दिसलं. खाली सरांच्या अक्षरात "तरवड, धायरी" असं लिहिलेलं, कोपऱ्यात माझी आद्याक्षरं.

"मॅम, बाकी सगळं मॅच होतंय," ती म्हणाली. "विंगचा शेप, कलर, झाडसुद्धा तेच. फक्त मधला डॉट होत नाहीये. तुमचं ड्रॉइंग इतकं परफेक्ट आहे, म्हणजे माझेच फोटो चुकीच्या अँगलने आलेत ना? मी मग डिलीटच करते ते."

मी तिला म्हटलं, काही पुसू नकोस, घरी ये. ती रविवारी आली. तिने लॅपटॉपवर फोटो मोठा केला. दोन्ही पंख उघडे होते आणि मधला ठिपका ओळ सोडून खाली उतरलेला, सरांनी शब्दांत लिहिला होता तसा. मी डाव्या पंखावर बोट ठेवलं. हाच पंख त्या दिवशी माझ्याकडून बघायचा राहून गेला होता. मला त्या पत्रातली ओळ आठवली, चित्रकाराला काही सिद्ध करायचं नसतं. माझ्या एका चित्राने एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवला होता, आणि तेच चित्र आता या मुलीचाही घालवत होतं. मी तिला सगळं सांगितलं. बटर पेपर, कंटाळा, "हो, सर", सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी.

तिने लॅपटॉप मिटला. मग तिने फक्त विचारलं, "सरांना सांगितलं?"

लगेच जायचं धैर्य झालं नाही. मी स्वतःला सांगितलं की आधी खात्री होऊ दे. ऋतुजाच्या ओळखीच्या एका संशोधकाने तिच्या पतंगांचे पोटाकडचे अवयव उघडून पाहिले. जात वेगळी निघाली. मग माझ्याकडे सबब उरली नाही. मी तिच्याकडून एक पतंग मागून घेतला, जुना मायक्रोस्कोप पुसला आणि चित्र काढायला बसले. माझा हात आता थरथरतो. पूर्वी चार दिवसांत झालं असतं त्याला पाच आठवडे लागले. कागद मुद्दाम मोठा घेतला, एकेक पंख वीतभर. बटर पेपर घेतला नाही.

सर आता ऐंशीच्या पुढे आहेत. धायरीतच, आपल्याच पूर्वीच्या शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत मुलाकडे राहतात. सूनबाईंनी दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं की नजर फार अधू झाली आहे. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे कडेने पाहिलं. "या बाई. सरळ बघितलं की मधलंच दिसत न्हाई बघा. कडंचं तेवढं दिसतं." डॉक्टरांनी इलाज नाही म्हणून सांगितलंय, असं ते अगदी सहज म्हणाले.

मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. चहा आल्यावर सांगणं जमलं नसतं. शेवटी म्हटलं, "तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, सर. मी बघून काढला नव्हता. तुमचे डोळे बरोबर होते."

ते गॅलरीबाहेर तोंड करून बसले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिची शिट्टी वाजत राहिली. मला वाटलं ते उठून आत जातील. तसं झालं असतं तर मी तक्रार केली नसती.

"तुम्ही हो म्हनला होता," ते म्हणाले. "माझ्या ध्यानात हाय. त्या दिवसापासनं मी एकबी गोष्ट एकट्यानं बघितली न्हाई. दरवेळी कुणालातरी हाक मारली."

"मला माहीत आहे, सर."

"माहीत होतं, तरी सांगितलं न्हाई."

मी रडू आवरलं, कारण रडले असते तर त्यांनाच माझी समजूत काढावी लागली असती. ते तसेच आहेत.

चहा आला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की तो पतंग सापडला कुठे. मी वाघोलीचं, खाणीचं, ऋतुजाचं सांगितलं. तिची इच्छाही सांगितली की सरांनी ठरवलेलं धायरीचंच नाव त्या जातीला द्यावं. सरांनी मान हलवली. "धायरीत आता हाय का तो? तरवडच न्हाई. जिथं हाय तिथलं नाव लावा म्हनावं पोरीला." मग म्हणाले, "तिनं एकटीनं वळखला?"

मी म्हटलं, एकटीने. मात्र माझं चित्र बघून ते फोटो पुसून टाकणार होती.

"न्हाई पुसले ना? मग झालं."

मी चित्र काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी सूनबाईंना भिंग मागितलं, खुर्ची उजेडाकडे वळवून घेतली आणि मान तिरकी करून बघायला लागले. कडेच्या नजरेने एकेक जागा धरायची, ती निसटली की पुन्हा धरायची. पंखाच्या मुळापासून सुरुवात केली. झालर, शिरा, पहिला ठिपका, तिसरा. मधल्यावर फार वेळ थांबले. चहा निवून गेला. सूनबाई दोनदा दारात येऊन परत गेल्या. सरांनी कुणाला हाक मारली नाही.

"डावा पंख उजव्यासारखा न्हाई," ते शेवटी म्हणाले. "डाव्याचा ठिपका जरा बारीक हाय."

"हो. पतंगातच तसा आहे. दोन्ही पंख वेगवेगळे बघून काढलेत."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, कागद चाचपडत उलटा केला आणि हात पुढे केला. मला आधी कळलं नाही, मग पर्समधून पेन काढून दिलं. त्यांनी अंदाजाने लिहिलं, "तपासले". अक्षरं एकमेकांवर चढली, सही कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली.

पेन परत देताना म्हणाले, "ह्या खेपेला बघून केलीय."